अंधाराला कारण हवं

टेबलाभोवती चार-पाच मित्र बसतात. प्रत्येकापुढे एक कागद असतो. त्यावर आपल्या पात्राचं नाव, त्याची ताकद, त्याच्याकडची हत्यारं. मधे फासे पडलेले असतात, त्यातला एक वीस बाजूंचा. एकजण गोष्ट सांगत जातो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं ‘मी दार उघडते’, ‘मी मागे वळून पाहतो’ असं सांगतात आणि जमलं की फसलं याचा निकाल फासा देतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आला आणि या खेळाची सुरुवात झाली. आज आपल्याकडेही तो खेळणारी तरुण मंडळी आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना कधी ना कधी स्वतःचं जग रचावंसं वाटतं, आणि का कोण जाणे, पहिलं जग हटकून काळोखं असतं. त्या काळोख्या जगाबद्दल आज बोलायचं आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. ट्रेसी हिकमन नावाचा तरुण हा खेळ खेळत होता. भुयारात खोलीमागून खोली, प्रत्येक खोलीत कुठला तरी राक्षस, आणि एका खोलीत अचानक व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणारं पिशाच्च. हिकमनला प्रश्न पडला: हा इथे करतोय काय? याला घरदार नाही, भूतकाळ नाही, कुणी शत्रू नाही. त्यानं आणि त्याची पत्नी लॉरा हिनं मिळून त्या पिशाच्चाला हे सगळं द्यायचं ठरवलं. दर हॅलोविनला मित्रमंडळींबरोबर खेळून ते आपली गोष्ट पारखत राहिले, पाच वर्षं. मग १९८३ साली टीएसआर कंपनीनं ती ‘रेव्हनलॉफ्ट’ या नावानं प्रसिद्ध केली. पुस्तिका जेमतेम ३२ पानांची, पण भयाच्या खेळांवर तिची छाप अजून आहे.

त्या पिशाच्चाचं नाव काउंट स्ट्राड. बारोव्हिया नावाच्या डोंगराळ मुलखाचा हा धनी. तारुण्य लढायांत गेलं, आणि उतरत्या वयात त्याचा जीव जडला तातियाना नावाच्या मुलीवर. तिचं प्रेम मात्र त्याच्या धाकट्या भावावर, सर्गेईवर. लग्नाच्या दिवशी स्ट्राडनं सख्ख्या भावाचा खून केला. तातियानानं किल्ल्याच्या तटावरून खाली उडी घेतली. तेव्हापासून मुलखाभोवती धुकं आहे. बाहेर पडू पाहणाऱ्याचा श्वास त्या धुक्यात कोंडतो. स्ट्राडलाही तिथून सुटका नाही. तातियानाचा चेहरा घेऊन पुन्हा पुन्हा कुणी तरी मुलगी जन्माला येते, आणि दर वेळी तो तिला गमावतो.

आता यातला धागा बघा. धुकं का आहे, गावकरी दारं का लावून घेतात, एका विशिष्ट तरुणीला घरचे लोक का लपवून ठेवतात, या सगळ्याचं उत्तर एकाच दिवसात, एकाच खुनात सापडतं. खेळाडू कुठल्याही वाटेनं आत शिरले तरी शेवटी त्या दिवसाशी येऊन थांबतात. नवख्यांच्या काळोख्या जगात नेमकं हेच नसतं. तिथे कवट्यांचे ढीग असतात, काळे बुरूज असतात, प्रत्येक राजा क्रूर आणि प्रत्येक पुजारी ढोंगी असतो. तासाभरात खेळाडूंची नजर मरते. मग दहावं प्रेत पाहून कुणी दचकत नाही. फासे टाकायचे आणि पुढे जायचं, एवढंच उरतं.

२०१६ साली हेच जग ‘कर्स ऑफ स्ट्राड’ या जाड पुस्तकात नव्यानं मांडलं गेलं. त्यातली एक जागा मला फार मोलाची वाटते. रस्त्याच्या कडेला, उंचवट्यावर एक जुनी पवनचक्की आहे. तिथली म्हातारी गावात पेस्ट्री विकत फिरते. ती खाल्ली की माणूस काही तास सुखाच्या स्वप्नात जातो. ज्या मुलखात नीट उजाडतही नाही तिथे असं सुख कोण नाकारेल? सवय लागते, पैसे संपतात, आणि मग म्हातारी पैशांऐवजी मूल मागते. पवनचक्कीत काय दळलं जातं ते खेळाडूंना आत गेल्यावर कळतं. म्हातारी हडळ आहे, तिच्याशी लढता येतं. पण आपलं पोर तिच्या हाती देऊन दार लावून घेणारे आईबाप? त्यांचं काय करायचं, हे कुठल्याच फाशावर लिहिलेलं नाही. त्यांना शिक्षा करायची, समजून घ्यायचं की नुसतं निघून जायचं, यावर खेळाडू एकमेकांशी वाद घालू लागतात. काळोखं जग रचणाऱ्याला याहून मोठी दाद मिळत नाही.

गोष्टीतला अंधार नियमांतही उतरावा लागतो, नाहीतर तो वर्णनापुरता राहतो. १९८१ साली केऑसियम कंपनीनं सँडी पीटरसनचा ‘कॉल ऑफ कथुलू’ काढला. त्यात पात्राच्या मनाच्या तोलाचेही गुण मोजले जातात. भयानक काही पाहिलं की ते घटतात, आणि पुरते संपले की पात्र कायमचं हातचं जातं. १९९१ च्या ‘डार्क सन’च्या वाळवंटी जगात जादूगारानं मंत्र टाकला की आसपासच्या झाडाझुडपांतला जीव शोषला जाऊन त्यांची राख होते. काही जण सांभाळून, जमिनीला न दुखवता मंत्र वापरतात. ते कष्टाचं आहे. म्हणजे वाळवंट का झालं, हे इतिहासाच्या पानावर वाचायची गरज नाही. खेळाडू स्वतःच्या हातानं ते वाळवंट वाढवू शकतो. धातू इतका दुर्मीळ की नाणीही भाजलेल्या मातीची. आणि मरण इतकं स्वस्त की एका खेळाडूनं एकदम अनेक पात्रं तयार ठेवावीत अशी नियमातच सोय. इंग्लंडमधल्या ‘वॉरहॅमर’च्या खेळानं तर शूर योद्ध्याचा हट्टच सोडला. फाशाच्या कौलानं तुम्ही उंदीर पकडणारे होऊ शकता, सोबतीला एक छोटं पण चावरं कुत्रं. असा साधा माणूस अक्राळविक्राळ संकटापुढे उभा राहिला की छातीत धस्स होतं.

मात्र सगळंच अंधारून टाकलं की वाचवायला काही उरत नाही. बारोव्हियात द्राक्षांचा एक मळा आहे. तिथली वाइन गावोगावच्या गुत्त्यांत जाते. दमलेल्या माणसांचा तेवढाच आनंद. मळ्यात पुरलेली जादूची रत्नं गेली आहेत आणि वाइन आटत चालली आहे. जग वाचवायला निघालेले खेळाडू इथे थोड्या वाइनसाठी जीव धोक्यात घालतात, आणि मनापासून घालतात. लोकांचं हे एवढंसं सुख जगाच्या नकाशावर आधी मांडा, राक्षस नंतर.

आता थोडं नाजूक. अंधार कुणाच्या वाट्याचा घेता, हेही पाहावं लागतं. रेव्हनलॉफ्टमध्ये ‘विस्तानी’ नावाची भटकी जमात होती: पत्ते मांडून भविष्य सांगणारी, दारुडी, फसवी. युरोपातल्या रोमा लोकांविषयीचे जुने पूर्वग्रह त्यात जसेच्या तसे उतरले होते. लोकांनी ते दाखवून दिलं आणि २०२० साली प्रकाशकांनी ते चित्रण बदलायला घेतलं. योग्यच केलं. पुढच्याच वर्षीच्या रेव्हनलॉफ्टच्या नव्या पुस्तकात अजित जॉर्ज यांनी कालाकेरी हे भारतीय धाटणीचं राज्य लिहिलं. तिथे महाराणी रम्या आणि तिची भावंडं यांच्यात सिंहासनावरून न संपणारी यादवी आहे. भारत म्हणजे साप आणि मांत्रिक, या जुन्या सोयीपेक्षा हे कितीतरी पुढचं आहे.

आणि आपल्या मातीत काय कमी आहे? कोकणात, गोव्यात गावाच्या वेशीवर राखणदार असतो, देवचार असतो. रात्री तो हातात काठी घेऊन सीमा फिरतो, अशी श्रद्धा आहे. त्याला ठरलेला मान द्यायचा, वहाणा वाहायच्या. कारण, नियम, किंमत, तिन्ही गोष्टी इथे आयत्या आहेत. मान बंद झाला तर? गाव धरणात गेलं, माणसं वर डोंगरावर राहायला आली, आणि वेस पाण्याखाली राहिली तर तो कुठे फिरेल? पण धरणात घर गेलेली माणसं आपल्यात आहेत, आणि देवचाराला मनापासून मानणारीही आहेत. त्यांचं दुःख आणि श्रद्धा खेळात घेताना त्यांच्यासमोर बसून खेळू शकू, एवढी तरी चाड ठेवावी.

तीच चाड टेबलावरही. काय नको, हे पहिल्या खेळाआधीच सगळ्यांनी बोलून घ्यावं: लहान मुलांवरचे अत्याचार, कोंडून ठेवणं, आणखी काही. पवनचक्कीची गोष्ट प्रत्येक गटाला चालेलच असं नाही. अनेक गट टेबलाच्या मध्यावर फुली काढलेलं एक कार्ड ठेवतात. कुणीही त्याला बोट लावलं की तो प्रसंग तिथेच सोडायचा, का म्हणून विचारायचं नाही. यानं भीतीची मजा जाते असं काहींचं म्हणणं असतं. मला ते अजिबात पटत नाही. थांबता येईल ही खात्री असेल तरच माणूस अंधारात चार पावलं जास्त टाकतो.

तेव्हा, जग रचायला बसणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, पाच राज्यांचे नकाशे आणि हजार वर्षांच्या वंशावळी बाजूला ठेवा. एक गाव घ्या. तिथे कुणी, कुणाचं, काय वाईट केलं ते ठरवा, आणि त्याची किंमत आज कोण मोजतंय ते ठरवा. गावातली एक गोष्ट अशी ठेवा की ती गेली तर खेळाडूंना वाईट वाटेल. पहिल्या रात्रीच्या खेळाला एवढं पुरतं. पुढचं गाव तुमचे खेळाडूच तुमच्याकडून रचून घेतील.