आज रात्रीचं विमान

(विडी कामगार आणि घरकामगार बहिणींच्या सोलापुरातील बैठकीत केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर.)



विमान म्हटलं की आपल्या सोलापुरात आधी चिमणी आठवते. साखर कारखान्याची ती चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला, मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी 15 जून 2023 ला ती पाडली. मग 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. इथं बसलेल्यांपैकी किती जणी त्यात बसल्या, हे मी विचारत नाही. पण आपल्या वस्त्यांतल्या बायका विमानात बसतच नाहीत, असं कुणी समजू नये. बसतात. फक्त त्या होटगी रोडवरून बसत नाहीत. मुंबईच्या सहार विमानतळावरून मध्यरात्री बसतात आणि मस्कत, कुवेत, दुबईला उतरतात. घरकामाला, मुलं सांभाळायला, आजारी माणसांचं करायला.

पूर्व भागातल्या अक्कांना हे नवं नाही. पद्मशाली घरांची मुळं तेलंगणात. करीमनगर, निजामाबादकडची माणसं माग चालवायला सोलापूरला आली, भिवंडीला गेली, आणि पुढे त्यांच्याच भावबंदांनी आखाती देशांची वाट धरली. लग्नकार्यात भेट झाली की कोण किती पाठवतं याच्या गोष्टी निघतात. इकडे यंत्रमाग आठवड्यातून चार दिवस चालणार, विड्यांची पानं कमी मिळणार, वर छाटणीत बाद करणार. अशा घरातली बाई म्हणाली की मी जाते, तर तिला वेड्यात काढायचा अधिकार आपल्याला नाही. जाऊ नका असं सांगायला मी आलेले नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मला बोलायचंय ते फक्त एका दिवसाबद्दल. निघायच्या दिवसाबद्दल. त्या दिवशी जी घाई होते, तिच्याबद्दल.

आपल्याकडून मुंबईचं विमान सुरू व्हायच्या आधीची, एका पावसाळ्यातली गोष्ट आहे. बाईचं नाव, वस्ती सांगत नाही. वय सत्तावीस, सातवीपर्यंत शाळा, सहा वर्षांची मुलगी. मस्कतला घरकामाचं ठरलं होतं. एजंटाला सत्तर हजार दिले होते, त्यातले निम्मे गटाच्या कर्जातून. पावती नाही. पासपोर्ट दोन महिने एजंटाकडे. विचारलं की उत्तर एकच, “व्हिसा येतोय, तयार राहा.” आणि एके दिवशी सकाळी साडेअकराला फोनवर निरोप आला: आज रात्रीचं विमान. बारापर्यंत सहारला पोचा.

सोलापूर ते मुंबई साडेचारशे किलोमीटर. सकाळची वंदे भारत केव्हाच गेलेली. सिद्धेश्वर निघते रात्री साडेदहानंतर, म्हणजे ती सकाळी पोचणार. राहिली एसटी. बरं, निरोप आला म्हणून बाई पिशवी उचलून निघाली, असं होतं का? त्या दिवशी नळाला पाणी यायचा दिवस होता. सोलापुरात पाणी चुकवणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तिने पिंपं भरली. सासूच्या दोन दिवसांच्या भाकऱ्या थापल्या. आदल्या दिवशीच्या विड्या कारखान्यात देऊन पुस्तकावर नोंद करून आली, नाहीतर ते पैसे बुडाले असते. मुलीला शाळेतून आणून आईकडे सोडलं. या सगळ्यात नवरा काय करत होता? तो “उशीर होतोय, उशीर होतोय” म्हणत होता. हे मी त्याला नावं ठेवायला सांगत नाही, तो साधा माणूस आहे. पण पुरुष परदेशी निघतो तेव्हा सगळं घर त्याची बॅग भरतं आणि बाई निघते तेव्हा ती सगळं घर भरून मग स्वतःची बॅग भरते. तिच्या दिवसातले पहिले अडीच तास असे गेले.

तिच्या आईने आमच्याकडे फोन केला म्हणून मी बरोबर गेले. दोनच्या गाडीने निघालो. टेंभुर्णीला गाडी थांबली तर ती उतरेना. गाडी सुटेल म्हणून. पुण्यात स्वारगेटला गाडी बदलताना आम्ही अक्षरशः पळालो. पुढे घाटात पाऊस, धुकं आणि ट्रकांची रांग. दीड तास गाडी मुंगीच्या चालीने. रस्त्याकडेला पाटी होती, “अति घाई, संकटात नेई.” तिने ती मोठ्याने वाचली आणि आम्ही दोघी हसलो. त्या पाट्या ड्रायव्हरला दटावतात. ही घाई ज्याने लावली, तो मात्र कुठल्याच पाटीवर नसतो.

वाटेत एजंटाच्या माणसाचे अकरा फोन आले. मी मोजले. “कुठे आलात, विमान सुटलं तर पैसे बुडाले, नवीन तिकीट तुम्हीच काढायचं.” प्रत्येक फोननंतर ती माझ्याकडे बघायची नाही, खिडकीबाहेर बघायची. शीवला उतरून टॅक्सी केली आणि सव्वा वाजता विमानतळावर पोचलो. विमान चारचं. आंतरराष्ट्रीय विमानाची सामान घ्यायची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते, त्यानंतर राजा आला तरी घेत नाहीत. त्याआधी दारावर पोलीस तिकीट-पासपोर्ट बघणार, खिडकीवर रांग, पुढे इमिग्रेशनची रांग. म्हणजे हातात खरा वेळ किती? तासभर धरा.

आणि तेव्हा, त्या तासात, तिला पहिल्यांदा लिफाफा मिळाला. त्यात पासपोर्ट, तिकीट, परतीचं दाखवायपुरतं दुसरं तिकीट, व्हिसाचा कागद आणि अरबीत छापलेला एक करार. माणूस म्हणाला, “वाचत काय बसता, आत जा. आत विचारलं तर मावशीकडे फिरायला चालले म्हणायचं. घरकाम हा शब्द काढायचा नाही.”

आता नीट ऐका. तिकीट सकाळी साडेअकराला काढलेलं नव्हतं. त्यावरची तारीख आठ दिवस आधीची होती. व्हिसा त्याच्याही आधीचा. म्हणजे कागद तयार होते, तिला दिले नव्हते. आम्ही ज्या घाईत पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या, स्वारगेटला पळालो, ती घाई पावसाने आणली नव्हती, घाटाने आणली नव्हती. ती घडवलेली होती. बाईच्या हातात कागद पडावा पण तो वाचायला वेळ उरू नये, कुणाला विचारायला वेळ उरू नये, इतका हिशोब करून. सत्तर हजार गेलेले, रात्रीचे दोन वाजलेले, घर साडेचारशे किलोमीटर मागे. अशा ठिकाणी कोण “थांबा” म्हणेल?

तो कागद दिव्याच्या खांबाखाली धरून आम्ही वाचला. व्हिसा पर्यटकाचा होता, थोड्या दिवसांचा. ती म्हणाली, “ताई, यात घरकाम कुठं लिहिलंय?” कुठेच नव्हतं.

हे का करतात, ते समजून घ्यायला हवं. दहावी न झालेल्या माणसाचा पासपोर्ट ईसीआर असतो. म्हणजे आखातासह अठरा देशांत कामाला जायचं तर आधी सरकारची मंजुरी लागते. 1983 च्या परदेशगमन कायद्यात ही तरतूद आली. मंजुरी देणारा अधिकारी करार बघतो, पगार बघतो, मालक कोण ते बघतो. मंजुरीबरोबर विमा होतो, दोन वर्षांचे 275 रुपये भरून दहा लाखांचा. पर्यटक म्हणून गेलेल्या बाईचं यातलं काहीच होत नाही. वकिलातीच्या दप्तरात ती कामगार नाही. पगार दिला नाही तर दाखवायला करार नाही. मुदत संपली की तीच गुन्हेगार, तिलाच दंड, आणि मालक मोकळा.

मग एजंट सरळ मंजुरी का घेत नाही? कारण त्याला ती मिळणारच नाही. ईसीआर पासपोर्ट असलेल्या बाईचं वय तीसच्या आत असेल तर या देशांत कामाला जायला मंजुरी नाही, असा नियम आला. शिवाय ऑगस्ट 2016 पासून परिचारिका सोडून अशा सगळ्या बायकांनी सरकारी संस्थांमार्फतच जायचं, खासगी एजंटामार्फत नाही, असं ठरलं. त्या वेळी ज्या संस्था नेमल्या त्या केरळ, तामिळनाडू, आंध्र, तेलंगण, उत्तर प्रदेश या राज्यांच्या. आता सोलापूरच्या विडी कामगार बाईने कुठे जायचं?

या नियमामागचा हेतू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. परदेशात बायकांचे जे हाल झाले त्यातूनच तो आला. पण अठरा वर्षांचा मुलगा त्याच पासपोर्टवर बांधकामाला गेला तर त्याला करार बघून मंजुरी, आणि सत्तावीस वर्षांच्या, घर चालवणाऱ्या बाईला दार बंद. संरक्षण म्हणून तिला लहान मूल ठरवायचं, हे आपल्या घरात चालतं तेच सरकारात. आणि दार बंद केल्यामुळे बायका जायच्या थांबल्या का? मागच्या दाराने गेल्या. मागच्या दाराची किल्ली एजंटाकडे. माझं स्पष्ट मत आहे की वयाची अट काढावी, आणि मालकावर, एजंटावर जी करायची ती सक्ती करावी.

आपल्याच चळवळीतली एक जुनी आठवण सांगते, मी तेव्हा लहान होते, ऐकलेली आहे. 1995 मध्ये बीजिंगला जागतिक महिला परिषद भरली. स्वयंसेवी संस्थांचा मेळावा चीनने शहरापासून लांब, हुआइरौला हलवला. जगभरातल्या कितीतरी जणींचे व्हिसा शेवटपर्यंत लटकले, काहींना मिळालेच नाहीत. म्हणजे घाई, धावपळ तेव्हाही होती. पण त्या बायकांच्या पाठीशी संघटना होत्या, हातात आपला पासपोर्ट होता, आणि विमान चुकलं तर घर बुडणार नव्हतं. या तीन गोष्टी नसलेल्या बाईचं विमान ही वेगळीच गोष्ट असते.

त्या रात्री तिने काय केलं, ते सांगते. पासपोर्ट पोलक्यात ठेवला आणि माणसाला म्हणाली, “कामाचा कागद आण, मग जाते.” तो ओरडला, पोलिसांची भीती घातली. मी त्याला एवढंच विचारलं की पासपोर्ट भारत सरकारचा असतो, तो दोन महिने तुमच्याकडे कशाच्या आधारावर होता? त्यावर तो फोन कानाला लावून लांब गेला. तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या. त्या आत गेल्या. आत जाणाऱ्या चुकल्या आणि ही बरोबर, असं मी म्हणत नाही. त्यातली एक आजही पैसे पाठवते, फोन करते. दुसरीचा फोन लागत नाही. तिच्या घरच्यांकडे व्हिसाच्या कागदाची झेरॉक्ससुद्धा नाही, त्यामुळे वकिलातीला काय लिहायचं हा प्रश्न आहे. सरकारचं “मदद” नावाचं तक्रारीचं पोर्टल 2015 पासून आहे, पण तिथेही पहिल्यांदा पासपोर्ट नंबरच विचारतात.

आपली बाई सकाळच्या गाडीने परत आली. वस्तीत चार दिवस टोमणे झाले, “विमानतळ बघून आली.” तक्रार केली, पाठपुरावा केला, अर्ध्याहून थोडे जास्त पैसे परत मिळाले. ती विड्या वळते आणि गटाचा हप्ता भरते. तिशी झाली की पुन्हा बघू, असं म्हणते.

मघाशी एका अक्काने विचारलं, “ऐनवेळी थांबलं तर तिकीट बुडतं, ते कोण देणार?” प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच ऐनवेळेवर यायचंच नाही. परवाना असलेल्या एजंटाला कामगाराकडून तीस हजार आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं, पावती देऊन. परवान्याचा नंबर ई-मायग्रेटच्या साइटवर कुणाही शिकलेल्या मुलीकडून बघून घेता येतो. आणि पैसे देण्याआधी व्हिसाचा कागद हातात मागायचा. “आलाय, नंतर दाखवतो” म्हणाला तर पैसेही नंतर. एक झेरॉक्स घरी आईकडे, नवऱ्याकडे नव्हे असं मी म्हणत नाही, पण आईकडे नक्की.

आणखी एक, पासपोर्ट काढतानाच बऱ्याच जणी एजंटाच्या हातात जातात. कारण नवरा सोडून गेलेला, लग्नाचा दाखला नाही, त्यामुळे आपलं होणार नाही असं वाटतं. डिसेंबर 2016 मध्ये सरकारने हे नियम सैल केले. लग्नाच्या दाखल्याची सक्ती काढली, वेगळी राहणाऱ्या किंवा घटस्फोटित बाईला नवऱ्याचं नाव द्यावंच लागेल असं राहिलं नाही, आईवडिलांपैकी एकाचं नाव चालतं. आपला जिल्हा पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. अर्ज स्वतः भरता येतो, आम्ही बसून भरून देतो.

आत्ता इथे ज्यांचा किंवा ज्यांच्या घरातल्या कुणाचा पासपोर्ट एजंटाकडे पडून आहे, त्यांनी चहानंतर थांबा. दोन कार्यकर्त्या वही घेऊन त्या कोपऱ्यात बसल्या आहेत. तारीख, किती पैसे दिले, कुणासमोर दिले, आठवेल तेवढं सांगा. मागणीचे अर्ज आजच लिहून घेऊ.