बाकीच्यांशी तो कसा वागतो?

(तरुणांच्या संवाद शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



ऑफिसात त्रास देणाऱ्या सहकाऱ्यांशी कसं वागायचं, यावर बोला असं आयोजकांनी मला सांगितलं. मी समुपदेशक नाही. बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतोय. या काळात मला त्रास देणारे भेटले, आणि मीही काही जणांना त्रास दिला. तेवढ्याच भांडवलावर बोलतो.

माझी पहिली नोकरी हिंजवडीत. आमच्या कामात तुम्ही लिहिलेला कोड थेट वापरात जात नाही. आधी एखादा अनुभवी सहकारी तो ओळ न् ओळ तपासतो आणि शेरे लिहितो. याला कोड रिव्ह्यू म्हणतात. माझ्या पहिल्याच कामावर आमच्या सीनियरनं 41 शेरे लिहिले. ‘हे काय आहे?’ ‘पुन्हा लिहा.’ ‘कॉलेजात हेच शिकवलं का?’ आणि हे सगळं पूर्ण टीमला दिसत होतं.

त्या टीममध्ये माझ्यासारख्या नावाचा मी एकटाच होतो. मनानं लगेच हिशेब मांडला, की याचा राग माझ्या नावावर आहे. रात्री अम्मीला फोन करून म्हटलं, “इथं माझं काही खरं नाही.” तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाकीच्यांना काय लिहितो तो?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ते बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जुने रिव्ह्यू उघडून बसलो. सगळ्यांना तीच भाषा होती. आमच्या टीम लीडला तर माझ्यापेक्षा वाईट लिहिलं होतं. मग माझे 41 शेरे शांतपणे पुन्हा वाचले. त्यातले बहुतेक बरोबर होते. एका ठिकाणी मी ग्राहकाचा पासवर्ड लॉग फाईलमध्ये जसाच्या तसा लिहून ठेवत होतो. ती चूक पुढे गेली असती तर नोकरीच्या पहिल्याच महिन्यात माझं काय झालं असतं, याची कल्पना करा.

मी त्याच्या टेबलाशी गेलो आणि म्हणालो, “तुमचे शेरे बरोबर आहेत, मी दुरुस्त करतोय. फक्त कॉलेजवरून बोललात ते सगळ्यांसमोर नको. तसं काही असेल तर मला इथं सांगा.” तो जरा गडबडला. “असं वाटलं होय तुला,” एवढंच म्हणाला. त्याची भाषा पुढेही फार गोड झाली नाही. पण डेटाबेसचं काम मी त्याच्याकडूनच शिकलो.

आता दुसरा माणूस. हा हसतमुख, चहाला सोबत येणारा. मी डबा उघडला की याचं ठरलेलं, “आज काय, बिर्याणी?” डब्यात बहुतेक वेळा वरण-भात असायचा. मी हसून सोडून द्यायचो. एकदा कँटीनमधल्या टीव्हीवर कुठल्यातरी दंगलीची बातमी चालू होती. हा सगळ्यांसमोर म्हणाला, “काय रे, तुमच्या लोकांना सांग की जरा शांत बसायला.” टेबल हसलं. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याचा मला आजही राग येतो.

तीन दिवस ते डोक्यात राहिलं. मग त्याला एकट्याला गाठून म्हटलं, “परवा तू जे बोललास ते मला लागलं. मी कोणाचा प्रतिनिधी नाही, तुझ्या टीममधला इंजिनिअर आहे. पुन्हा असं बोलू नकोस.” तो म्हणाला, “अरे, गंमत केली.” मी म्हटलं, “मला गंमत वाटली नाही,” आणि थांबलो. विनोद बंद झाले. आमचा चहाही बंद झाला. सगळं पुन्हा गोड झालं असं सांगितलं, तर ते खोटं होईल.

बघा, ज्याला मी शत्रू समजलो तो फक्त तोंडानं तिखट होता, आणि ज्याला मित्र समजलो त्यानं मला घाव घातला. आपल्यासोबत भेदभाव होतच नाही असं मी म्हणणार नाही. होतो. म्हणूनच तो नेमका कुठे होतोय हे ओळखायला शिकलं पाहिजे. प्रत्येक शेऱ्याला तेच नाव दिलं, तर खरा प्रसंग येईल तेव्हा आपलं कोणी ऐकणार नाही. आणि प्रत्येक टोमणा हसून गिळला, तर तो टोमणाच रिवाज होईल.

आता कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली, नोंद ठेवा. तारीख, वेळ, नेमके शब्द, समोर कोण होतं. ही नोंद तुमच्या स्वतःच्या वहीत असू द्या. ‘तो नेहमी असाच वागतो’ असं सांगितलं की मॅनेजर मान हलवतो आणि विसरतो. चार तारखा आणि चार वाक्यं समोर ठेवली की त्याला काहीतरी करावं लागतं.

दुसरी, तुमच्या कामाचं श्रेय घेणारा सहकारी. त्याच्याशी भांडू नका. काम पूर्ण झालं की त्याच दिवशी टीमला छोटा मेल करा, ‘हे काम मी पूर्ण केलंय, पुढची पायरी अशी आहे.’ अप्रेझलच्या वेळी हेच मेल तुमच्या बाजूनं बोलतात.

तिसरी खास मैत्रिणींसाठी. त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल, तर तो ‘अवघड सहकारी’ या खात्यात टाकू नका. त्यासाठी 2013 चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तिच्या अध्यक्ष महिलाच असतात. तक्रार लेखी द्यायची, साधारण तीन महिन्यांच्या आत. म्हणून ‘बघू पुढे’ म्हणत दिवस घालवू नका.

चौथी, राजीनामा रागात टाकू नका. आपल्यापैकी अनेकांच्या पगारावर घर चालतं, धाकट्यांची फी जाते. सोडायचंच असेल तर दुसरी ऑफर हातात घ्या आणि मग सोडा.

शेवटी माझी स्वतःची गोष्ट. पाच-सहा वर्षांनी मी सीनियर झालो. एका रात्री ग्राहकाकडची सिस्टीम बंद पडली. मी टीमच्या ग्रुपवर लिहिलं, “हा कोड कोणी लिहिलाय? डोकं वापरलं होतं का?” टीममधली एक नवी मुलगी गप्प राहिली. ओळ तिची होती. पण ती तपासून मंजूर केली होती मी, दोन मिनिटांत, न वाचता. ज्या सीनियरवर मी चिडायचो, तो निदान प्रत्येक ओळ वाचत तरी होता.

सकाळी त्याच ग्रुपवर मी माफी मागितली. चूक सगळ्यांसमोर केली होती, म्हणून माफीही तिथंच मागितली. ती मुलगी “ठीक आहे” म्हणाली. पण पुढचे कित्येक महिने ती मला शंका विचारायला आली नाही, दुसऱ्यांकडे जायची.

आमच्या क्षेत्रात लिनक्स घडवणारा लिनस टोरवाल्ड्स त्याच्या जहाल ईमेलसाठी प्रसिद्ध होता. सप्टेंबर 2018 मध्ये त्यानं आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामापासून बाजूला झाला आणि पुन्हा परतला. जगभर ज्याचा कोड चालतो त्या माणसाला हे जमलं, तर आपल्याला का जमू नये?

तेव्हा सोमवारी ऑफिसला गेलात आणि कोणी खटकलं, तर अम्मीचा प्रश्न आधी विचारा, बाकीच्यांशी तो कसा वागतो? उत्तर शोधा, मग बोला. पण बोला. आणि कधीतरी हाच प्रश्न स्वतःबद्दलही विचारून बघा.