गावाच्या आरोग्याचा निधी : आला किती, गेला कोठे?

(दर्यापूर तालुक्यातील एका शेतकरी मेळाव्यात कापूस उत्पादक शेतकऱ्याने केलेले भाषण)



बोंडअळी आणि तुरीच्या वाणांविषयी शास्त्रज्ञ मंडळींनी आताच चांगली माहिती दिली. मला आरोग्यावर बोलण्यास सांगितले आहे. मी काही डॉक्टर नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात १४ एकर कोरडवाहू वावर कसणारा शेतकरी आहे. परंतु ग्रामपंचायत सदस्य या नात्याने तीन वर्षे गावच्या आरोग्य समितीचा अध्यक्ष होतो. पहिल्या वर्षी माझ्या हातून जी चूक झाली, ती तुम्हास सांगितली तर तुमच्या गावात तरी ती टळेल, म्हणून उभा राहिलो आहे.

पैसा बँकेत, माणूस बांधावर

भाद्रपदातील गोष्ट. पऱ्हाटी छातीएवढी वाढलेली, हवा कुंद. शेजारच्या वावरात फवारणी करणारा आमच्या गावचा एक मजूर दुपारी धुऱ्यावर कोसळला. तोंडाला फेस, डोळ्यांना अंधारी. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करावा, हे त्या घाईत कोणास सुचले नाही. खासगी गाडीवाल्याने भाडे आधी मागितले. त्याच्या घरी तेवढे पैसे नव्हते. गोळा करता करता तास गेला. शेवटी दोघांनी मधे धरून त्याला मोटारसायकलवर दवाखान्यात नेले. तो वाचला, पण पुढे दोन महिने कामावर जाऊ शकला नाही.

त्या दिवशी समितीच्या खात्यात १०,००० रुपये होते. वर्षभरात त्यातील एक रुपयाही आम्ही काढला नव्हता. "हिशेबाची भानगड नको" असे मीच बैठकीत म्हणालो होतो. पैसा खाल्ला नाही, याचा मला अभिमान होता. पण गरजेच्या वेळी न वापरलेला पैसाही वायाच गेला म्हणावयाचा, हे त्या दिवशी कळले.

२०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

हा निधी कोणता?

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यात प्रत्येक महसुली गावासाठी आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती स्थापन करण्याचे ठरले आणि समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद झाली. अबंधित म्हणजे वरून ठरवून न दिलेला. गावाची गरज पाहून समितीने बैठकीत ठरवावे आणि खर्च करावा. ग्रामपंचायत सदस्य, आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या महिला व गावकरी मिळून ही समिती होते. निम्म्या तरी महिला असाव्यात, अशी अपेक्षा आहे.

या निधीचे काही नियम ध्यानात ठेवावेत :

१) खर्च सर्वांच्या उपयोगाचा असावा. एकट्यादुकट्यासाठी खर्च करावयाचा तर तो निराधार स्त्री किंवा अतिशय गरीब कुटुंबाच्या औषधोपचारासाठीच करावा.

२) ज्या कामाला ग्रामपंचायतीकडून किंवा दुसऱ्या खात्याकडून पैसा मिळतो, त्या कामावर हा निधी शक्यतो घालू नये.

३) अमुकच वस्तू अमुक दुकानातून घ्या, अशी सक्ती वरून होऊ नये आणि समितीने ती मानू नये.

४) पुढील वर्षी येणारी रक्कम ही साधारणपणे मागील खर्चावर अवलंबून असते. जेवढे खर्च झाले तेवढी भर पडते. म्हणून जो खर्च करीत नाही, त्याच्या गावाला नवा निधी मागता येत नाही.

चौथा नियम मला माहीत नव्हता. पैसा राखून ठेवला म्हणजे पुढच्या वर्षी दुप्पट होईल, असे मी समजत होतो. बियाणे कोठीत ठेवून पीक येत नाही, हे शेतकऱ्यालाच समजू नये, याची लाज वाटली.

आम्ही दुसऱ्या वर्षी काय केले?

पोळ्याच्या आधी बैठक घेतली. आशाताईंनी वर्षभरातील आजारपणाची नोंद वाचून दाखविली. अंगणवाडीताईंनी कमी वजनाच्या मुलांचा आकडा सांगितला. त्यावरून रक्कम अशी वाटली :

- तातडीच्या रुग्णाच्या वाहनासाठी राखीव : २,५०० रुपये
- सार्वजनिक नळाजवळ शोषखड्डा : २,५०० रुपये
- अंगणवाडीतील वजनकाट्याची दुरुस्ती व साहित्य : २,००० रुपये
- फवारणीच्या हंगामात हातमोजे, मुखपट्टी, साबण व माहितीफलक : १,५०० रुपये
- साथीच्या दिवसांसाठी शिल्लक : १,५०० रुपये

शोषखड्ड्याला दगड-विटांचे तुकडे गावकऱ्यांनी दिले आणि खोदाई तरुणांनी केली, म्हणून तेवढ्यात भागले. ब्लिचिंग पावडर मात्र या पैशातून घेतली नाही. पाणी शुद्ध करणे ही ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे, ती तिच्याकडेच ठेवली.

माहितीफलकावर चारच गोष्टी लिहिल्या. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. विषबाधा झाल्यास अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे. घरगुती उपाय करीत न बसता १०८ वर फोन करावा. औषधाचा डबा किंवा त्यावरील माहितीचा कागद डॉक्टरांना दाखविण्यासाठी सोबत न्यावा.

मोठ्या कामाचा पैसा कोठे?

आता तुम्ही म्हणाल, दहा हजारांत गोड पाणी येणार आहे काय? नाही येणार. आपल्या पट्ट्यातील विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. आपल्या विहिरीचा आकडा किती, हे किती जणांना ठाऊक आहे? मातीची तपासणी आपण करून घेतो, पाण्याचीही करावी. अकोट-तेल्हारा भागात वान धरणाच्या पाण्यावर ८४ खेड्यांची योजना झाली. एवढे काम एका गावाच्या आवाक्यातले नाही, ते शासनानेच करावयाचे. परंतु मागणी करणाऱ्याच्या हातात तपासणीचा अहवाल असला म्हणजे अर्जाला वजन येते.

मधल्या कामांसाठी आणखी वाटा आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिली होती. चालू वर्षाच्या सूचना काय आहेत, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून, म्हणजे आपल्या ग्रामसेवकाकडून, समजून घ्यावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. मेळघाटात, धारणी व चिखलदरा तालुक्यांत, आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंधित निधी २०१५ पासून थेट पेसा ग्रामपंचायतींकडे देण्याची तरतूद झाली. त्यातून आरोग्याची कामेही घेता येतात. मात्र हे सर्व गावच्या विकास आराखड्यात लिहिलेले हवे. आराखडा तयार होताना ग्रामसभेला गैरहजर राहावयाचे आणि नंतर पारावर बसून नावे ठेवावयाची, ही आपली जुनी खोड आहे.

हिशेब उघडा ठेवा

पैसा थोडा असला तरी संशय मोठा असतो. म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. ठरावाशिवाय पैसा काढू नये. प्रत्येक पावती कीर्दीला त्याच दिवशी लावावी. वर्षाचा हिशेब ग्रामसभेत वाचावा व त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेले नाही तर पुढचा निधी अडतो, हेही विसरू नये.

२००७ मध्ये महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम पाच जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात आपला अमरावती जिल्हा होता. दवाखान्यात औषध आहे की नाही, परिचारिका गावात येते की नाही, हे गावकऱ्यांनी स्वतः तपासून जनसुनवाईत मांडावयाचे, अशी ती पद्धत. दवाखान्याला प्रश्न विचारणाऱ्या गावाने आपल्या समितीलाही तेच प्रश्न विचारावेत.

बंधू-भगिनींनो, गाडगेबाबा याच जिल्ह्यातील शेंडगावचे. त्यांनी हातात खराटा घेतला, तेव्हा कोणत्याही अनुदानाची वाट पाहिली नाही. आणि लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी घर बांधले नाही. आज अनुदान येते, ते आपलेच आहे. ते आणावे, वेळेवर खर्चावे आणि चारचौघांत त्याचा हिशेब द्यावा.

आमच्या गावचा तो मजूर आता समितीच्या बैठकीला येतो. मागच्या बैठकीत त्याने विचारले, "भाऊ, गाडीचे अडीच हजार शिल्लक आहेत ना?" मी कीर्द उघडून दाखविली.

येत्या ग्रामसभेत तुम्हीही हा प्रश्न विचारावा, एवढीच विनंती.