स्वस्त धान्याची किंमत कोण मोजतो?



धान्य स्वस्त हवे की शेतकऱ्याला रास्त भाव हवा, हा प्रश्न शहरी वृत्तपत्रे दर हंगामात नव्याने उपस्थित करतात. कारखान्यातला कामगार आणि शेतातला कष्टकरी हे जणू एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसलेले वैरी. एक वर गेला की दुसरा खाली! ही कल्पना मुळातच खोटी आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील ८६ टक्के खातेदारांजवळ दोन हेक्टरांहून कमी जमीन होती. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळले. त्यात मजुरीचा वाटा ४,०६३ रुपयांचा, तर पिकाचा ३,७९८ रुपयांचा. अर्थात जो पिकवतो, तोच वर्षातले काही महिने रेशनच्या रांगेतही उभा असतो. महाग धान्याचा पहिला फटका त्यालाच बसतो.

ही गाठ सोडवण्याचा एक मार्ग देशाने १९६५ साली स्वीकारला. त्या वर्षी अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. पिकवणाऱ्याला हमीभाव, खाणाऱ्याला स्वस्त धान्य, आणि मधला फरक सरकारी तिजोरीने सोसायचा. ही व्यवस्था टिकवण्यासाठी शेतकऱ्यांनी सिंघू, टिकरी आणि गाझीपूरच्या सीमांवर वर्षभर ठाण मांडले आणि २०२० चे तीन कायदे २०२१ च्या नोव्हेंबरात मागे घ्यायला लावले. पण व्यवस्थेचे रक्षण करणे म्हणजे तिचे दोष झाकणे नव्हे. स्वस्त धान्याचा एक मोठा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिला जात नाही. तो भूमीच्या पोटातून वसूल होतो.

पंजाबचे उदाहरण घ्या. १९६०-६१ साली तिथे भाताखाली जेमतेम सव्वादोन लाख हेक्टर जमीन होती. आज ती तीस लाख हेक्टरांच्या वर आहे. भात हे तिथल्या माणसाचे मुख्य अन्न नव्हे. बहुतेक तांदूळ केंद्रीय साठ्यात जातो. मग शेतकरी भातच का लावतो? कारण गहू आणि भात हीच दोन पिके सरकार हमीभावाने खात्रीने उचलते. १९९७ मध्ये शेतीपंपांची वीज मोफत झाली आणि उपशाला धरबंध राहिला नाही. २०२३ च्या केंद्रीय मूल्यमापनानुसार वापरण्याजोगे जेवढे भूजल वर्षभरात साठते, त्याच्या सुमारे १६४ टक्के उपसा पंजाबात होतो. पाणी खोल गेले की बडा शेतकरी अधिक खोल कूपनलिका घेतो, आणि लहान शेतकरी कर्ज काढतो किंवा जमीन खंडाने देऊन मोकळा होतो. पाणी वाचवण्यासाठी २००९ च्या कायद्याने १० जूनपूर्वी भात लावण्यास बंदी केली. हेतू योग्यच होता. परंतु लावणी लांबल्याने कापणीही लांबली, गव्हाच्या पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडेच उरले, आणि धसकटे पेटवणे वाढले. दिल्लीत धूर दिसतो तेव्हा शिव्या शेतकऱ्याला मिळतात. धोरण आखणारे नामानिराळे राहतात.

शेतकऱ्याला पीक बदलण्याचा उपदेश फुकट करता येतो. पंजाबात २०२२ साली मूग ७,२७५ रुपये क्विंटलने घेण्याची घोषणा झाली. प्रत्यक्षात मोठा हिस्सा व्यापाऱ्यांनी त्याहून कमी भावात उचलला. असा अनुभव आल्यावर शेतकरी भाताकडे वळला, तर त्याला अडाणी कोण म्हणणार?

वस्तुतः जे सरकार खरेदी करते, तेच पेरले जाते. ओडिशात २०१७ पासून आदिवासी जिल्ह्यांत नाचणीला प्रोत्साहन देण्यात आले. हमीभावाने खरेदी झाली आणि तीच नाचणी रेशनवर व अंगणवाडीच्या लाडवांत पोहोचली. पाणी कमी, खत कमी, पोषण अधिक. काम लहान आहे, पण दिशा दाखवणारे आहे. देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो. तेलबिया व डाळींची अशीच हक्काची खरेदी झाली, तर हमीभावाचा पैसा भूजल न उपसताही शेतकऱ्याच्या हाती पडेल. भाजीपाल्याची तर गोष्टच निराळी. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार कांदा, बटाटा व टोमॅटोसाठी ग्राहक देतो त्या रुपयातले सुमारे ३३ ते ३७ पैसेच शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात. इथे ग्राहक आणि शेतकरी दोघेही नागवले जातात, आणि सरकार मध्यस्थाला हात लावत नाही.

राहिला शेतमजूर. रास्त भावाच्या मागणीत त्याचे नाव क्वचितच येते. २०२० च्या टाळेबंदीत बिहारचे मजूर पंजाबात येऊ शकले नाहीत. लावणीचे दर वाढू लागताच अनेक गावांच्या पंचायतींनी मजुरीची कमाल मर्यादा ठरवणारे ठराव केले. काही ठिकाणी न जुमानणाऱ्यांवर बहिष्काराची धमकीही दिली. हे मजूर बहुतांशी दलित होते. आता पाणी वाचवणारी थेट पेरणी पसरत आहे. तिच्यात लावणीचे कामच उरत नाही. त्या बायाबापड्यांच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब भाव ठरवणाऱ्या कोणत्याही समितीने अजून मांडायचाच आहे, आणि तो मांडायला लावण्याचे काम शेतकरी संघटनांनाही टाळता येणार नाही.