विंचवाचा दंश आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या

विंचू चावतो पायाला, पण माणूस दगावतो तो हृदयामुळे. महाड-पोलादपूरच्या जुन्या माणसांनी हे पाहिलेले आहे.

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंची टोके चेतवते. अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात उसळतात आणि अंगभरच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. शेतावरचा पंप चालू असताना पुढचा वॉल कुणी बंद करत आणावा, तशी हृदयाची गत होते. ते दमते, रक्त मागे तुंबते, फुप्फुसांत पाणी साचते. तोंडाला गुलाबी फेस येतो तो यामुळेच.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा १०० गंभीर रुग्णांत ३०च्या आसपास जात. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली, १९८२ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरली. ती हृदयाला जोर देत नाही, रक्तवाहिन्या सैल करते. मृत्यू शंभरात एखाद्यावर आले. पद्मश्री मिळाली २०२२ साली; माझ्या मते फार उशिरा.

मोठ्या शहरांत आता कमजोर हृदयाला यांत्रिक पंप जोडतात. त्यालाही हाच नियम लागू. रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब चढला, की पंपाचा प्रवाह घटतो. शिवाय नाडीचा ठोका न देता सतत रक्त ढकलणाऱ्या पंपामुळे आतड्यातल्या बारीक वाहिन्या नाजूक होऊन रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून अशा रुग्णाने रक्तदाबाची तपासणी टाळू नये, काळी शौच झाली तर लगेच डॉक्टरांना सांगावे.

आता विंचवाचे. लाकूडफाटा, पेंढा उचलताना जपा; चपला झटकून घाला. चावलाच, तर दुखते किती यावर जाऊ नका. उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही खरी धोक्याची खूण. दुखणे कमी असूनही ती दिसू शकते. लहान मुलांना धोका जास्त. दोरी आवळू नका, जखम चिरू नका. प्राझोसिन डॉक्टरच देतील, घरी नको. ती घेतल्यावर रुग्णाला एकदम उठवून बसवलेत तर रक्तदाब कोसळून तो चक्कर येऊन पडेल.

आणि वाडीवरच्या मंडळींनो, मंत्र घालायचाच असेल तर तो गाडीत बसून घाला. १०८ला फोन आधी लावा.