जुना पिक्चर ‘शुद्ध’ होता म्हणे



२०१६ साली अँटॉइन फुक्वाने ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ पुन्हा बनवला. सातांचा म्होरक्या डेन्झेल वॉशिंग्टन, सोबत एक कोरियन नट, एक मेक्सिकन, एक मूलनिवासी. बऱ्याच प्रेक्षकांची तक्रार एकच: ही बळजबरीची भरती, जुना पिक्चर शुद्ध होता. आमच्या हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉपवर बघतानाही एक मित्र म्हणाला, “काळा काउबॉय कधी असतो का?”

असतो. साधारण चारातला एक काउबॉय काळा होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पडद्याने त्यांना वगळलं आणि आपण पडद्यालाच इतिहास समजलो.

मग मी त्याला १९६०चा जुना लावून दिला. (तोही कुरोसावाच्या ‘सेव्हन समुराई’वरून घेतलेला. शुद्ध कसला?) सुरुवातीलाच एका इंडियनाचं प्रेत. बाहेरगावचा विक्रेता दफनाचे पैसे भरतो, पण गावातले काही गोरे आडवे येतात: आमच्या दफनभूमीत इंडियन नको. शेवटी युल ब्रिनर आणि स्टीव्ह मॅक्वीन बंदुका घेऊन गाडीवर बसतात आणि प्रेत टेकडीवर नेतात.

नव्यात हा प्रसंग नाही. नायक काळा आहे, पण त्याच्या रंगाबद्दल कुणी फारसं बोलतच नाही. मला तेच जास्त खटकलं.

मित्राने विचारलं, “साध्या मातीला बंदुका कशाला?” त्याच्या गावातही स्मशानं दोन असतील, त्याला एकच माहीत. आमच्याकडे पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागतो. आजीला नेलं तेव्हा पाणी कमरेला होतं.