नकार ऐकणारा माणूस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या अभ्यासवर्गात पोटगी, पंचनामा, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा यांवर पुष्कळ बोललं जातं. प्रेमावर मात्र आपण बोलत नाही. सल्लाकेंद्रात बाई मारहाणीची तक्रार घेऊन येते. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत खाली मान घालून म्हणते, 'पण ताई, माझं प्रेम होतं हो त्याच्यावर.' या 'पण'चं काय करायचं, हे समाजकार्याच्या पदवीत शिकवलं जात नाही. म्हणून आज मी एका प्रेमकथेवर बोलणार आहे.

थॉमस हार्डी या इंग्रज लेखकाची 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' ही कादंबरी 1874 साली 'कॉर्नहिल' मासिकातून वर्षभर क्रमशः छापली गेली. 1967 आणि 2015 मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाले. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या डॉर्सेट भागातलं खेडं, मेंढ्या, लोकर कातरणी, गव्हाच्या गंजी, असं तिचं जग. पहिल्या काही प्रकरणांतच नायक मागणी घालतो, नायिका नकार देते, आणि त्यांचं लग्न होतं ते अगदी शेवटी. मधलं सगळं मंद आचेवर शिजत राहतं.

बॅथशीबा एव्हरडीन विशीतली. गॅब्रिएल ओक हा छोटा मेंढपाळ तिला मागणी घालतो. नवरीचा थाट आवडेल पण नवरा नको, पुरुषाची मालमत्ता म्हणवून घेणं मला पटत नाही, असं ती मोकळेपणाने सांगते. पुढे काकाच्या मृत्यूनंतर त्याची शेती तिच्याकडे येते. ओकच्या मेंढ्या मात्र कड्यावरून कोसळून मरतात, विमा नसतो, आणि तो तिच्याच शेतावर चाकरीला राहतो. धान्य चोरणाऱ्या कारभाऱ्याला ती काढून टाकते, दुसरा नेमत नाही. मजुरी स्वतः वाटते. धान्याच्या बाजारात सगळ्या पुरुषांत ती एकटी बाई उभी राहते.

पहिला मुद्दा नकाराचा. ओक नकार ऐकतो. माझं प्रेम राहील पण पुन्हा विचारणार नाही, असं म्हणतो आणि तसंच वागतो. शेजारचा श्रीमंत शेतकरी बोल्डवुड याच्या उलट. बॅथशीबा थट्टेने त्याला एक चिठ्ठी पाठवते. त्या एका चिठ्ठीवर तो जन्मभराचा दावा लावतो. माफी मागितली तरी ऐकत नाही. नवरा बुडून मेला असं सगळ्यांना वाटत असताना, सहा वर्षांनी माझ्याशी लग्न करशील असं वचन दे, म्हणून तो तिला रडवून होकार काढून घेतो. परत आलेल्या नवऱ्याला तो गोळी घालतो. नंतर त्याच्या घरात भारी कपडे आणि दागिने सापडतात. त्यांवर तिचं नाव लिहिलेलं असतं, पुढे आडनाव मात्र त्याचं!

1990 साली उल्हासनगरला परीक्षा केंद्रात एका विद्यार्थिनीला जाळून मारलं गेलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला 'एकतर्फी प्रेम' म्हटलं. आपण तेव्हापासून सांगत आलोय की हा शब्दच फसवा आहे. हार्डी बोल्डवुडला सहानुभूतीने रंगवतो. तरी त्याचा हट्ट पायरीपायरीने कसा वाढतो आणि आजूबाजूचे लोक त्याला सभ्य गृहस्थच कसे समजत राहतात, हेही तो स्पष्ट दाखवतो. 'पिच्छा सोडला नाही म्हणून प्रेम मिळालं' असं शिकवणारे सिनेमे पाहणाऱ्या मुला-मुलींबरोबर वाचावी अशी ही गोष्ट आहे.

दुसरा मुद्दा कामाचा. बॅथशीबा आधी लग्न करते ते सार्जंट ट्रॉयशी. देखणा, गोड बोलणारा, तलवारीचे हात करून दाखवणारा. सुगीच्या जेवणाच्या रात्री तो मजुरांना ब्रँडी पाजतो, त्यांच्या बायकामुलांना घरी पाठवतो आणि सगळे झोकून पडतात. वादळ येतं. गव्हाच्या पाच आणि बार्लीच्या तीन गंजी उघड्या असतात. वर विजा कडाडत असताना ओक एकटा त्या झाकायला लागतो, आणि बॅथशीबा पेंढ्या वर देत त्याच्या बरोबरीने राबते. त्या दोघांचं नातं असल्या कामातूनच वाढतं. एकत्र राबताना माणूस जसा कळतो तसा फिरायला गेल्याने कळत नाही, हे शेतात जन्म काढलेल्या आपल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

तिसरा मुद्दा मालमत्तेचा. लग्नानंतर ट्रॉय तिचे पैसे घोड्यांच्या शर्यतीत उडवतो. ती विनवण्या करते, हिशेब मागू शकत नाही. तेव्हाच्या इंग्लिश कायद्याप्रमाणे लग्न होताच बाईची जंगम मालमत्ता मुख्यतः नवऱ्याची होई. 1870 च्या कायद्याने तिची स्वतःची कमाई तिच्याकडे राहू लागली. मालमत्तेवर खरा हक्क मिळाला तो 1882 च्या कायद्याने, म्हणजे कादंबरीनंतर आठ वर्षांनी. आपल्याकडे महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. तरी हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या होतच आहेत, आणि त्या 'भावाच्या प्रेमापोटी' होतात. प्रेमाच्या नावाने बाईच्या हातून काय काय जातं, याचा हिशेब आपण मांडायला हवा.

चौथा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फॅनी रॉबिन ही त्याच घरातली मोलकरीण. ट्रॉयने आधी तिला लग्नाचं वचन दिलेलं असतं. ती चुकून दुसऱ्याच चर्चमध्ये जाऊन थांबते, एवढ्यावरून तो तिला सोडतो. दिवस भरत आलेली फॅनी एका भटक्या कुत्र्याच्या आधाराने अनाथाश्रयापर्यंत सरपटत जाते. तिथला माणूस त्या कुत्र्याला दगड मारून हाकलतो. फॅनी बाळंतपणात मरते, बाळही जातं. 1834 च्या गरिबांसाठीच्या कायद्याने अनौरस मुलाचा भार आईवरच टाकला होता. बापाला कोणी विचारत नाही.

बॅथशीबा रात्री शवपेटी उघडते आणि आई-बाळ पाहते. आधी संताप, मग मत्सर, आणि शेवटी ती त्या मुलीच्या डोक्याभोवती फुलं मांडते. पुढे ट्रॉयलाही ती फॅनीच्याच कबरीत पुरते. सवतीकडे शत्रू म्हणून न पाहता त्याच पुरुषाने फसवलेली दुसरी बाई म्हणून पाहणं किती अवघड असतं, हे 'ती दुसरी' समोर बसवून समेट घडवताना आपण रोज अनुभवतो.

या कादंबरीवर माझे आक्षेपही आहेत. 'बायकांचा स्वभावच असा' अशी शेरेबाजी लेखक जागोजागी करतो. सुरुवातीची तडफदार बॅथशीबा शेवटी पार थकलेली, निमालेली दिसते. बाईला शहाणपण यायला इतका मार खावाच लागतो का? आणि संथ, परिपक्व प्रेमाची चैन शेतीवाडी असलेल्या बाईला मिळते. मोलकरणीला तेवढा वेळ कोण देणार? फॅनीच्या वाट्याला ओक का येत नाही, याचं उत्तर तिच्या स्वभावात शोधण्याआधी तिच्या मजुरीत शोधायला हवं.

तरीही ही गोष्ट गटात सांगावी असं मी सुचवते. सांगून झाल्यावर तीन प्रश्न विचारा. तुमच्या 'नाही'चा अर्थ 'नाही' असाच घेणारा पुरुष तुम्हाला कधी भेटला का? लग्नात तुमच्या नावावरचं काय गेलं, आणि ते कुणी नेलं? तुमच्या गावातली फॅनी कोण, आणि आज ती कुठे आहे?

तिसऱ्या प्रश्नाला बायका बराच वेळ गप्प राहतील. घाई करू नका. कुणीतरी एक नाव घेईल. ते लिहून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जा.